पीळ चाचणी

मोबाइल, टॅबलेट, रिमोट अशी हातात धरून वापरायची उपकरणे पिळल्यावर किती टिकतात, हे तपासण्याची पद्धत. धुणे पिळताना दोन मुठी उलट दिशांना फिरतात, तेच येथे यंत्र करते: उपकरणाचे एक टोक पक्के आवळलेले, दुसरे ठरलेल्या कोनात डावीउजवीकडे पुन्हापुन्हा फिरणारे. पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

फोन पडेल याची धास्ती सगळ्यांनाच असते. मागच्या खिशात ठेवून स्कूटरवर बसल्यावर त्याला पीळ बसतो, हे मात्र ध्यानात येत नाही. इंदूरच्या जेल रोडसारख्या मोबाइलच्या बाजारात ते कळायला साधी युक्ती पुरते. फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवून एक कोपरा दाबायचा. लंगड्या चौरंगासारखा तो कर्णात डुगडुगला, तर फ्रेमला पीळ राहिला आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसेच धातूचे: मर्यादेत पिळला तर जोर काढताच सरळ होतो, मर्यादा ओलांडली की पीळ कायमचा.

जाडीचा हिशेब कडक आहे. चपट्या भरीव पट्टीचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ८ मिमीची पट्टी ७ मिमी केली, तर सुमारे एक तृतीयांश ताठपणा जातो. आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी सप्टेंबर २०१४ मध्ये आल्या, तेव्हा ॲपलने पत्रकारांना आपली प्रयोगशाळा दाखवली. तिथल्या चाचण्यांत पीळ चाचणीही होती.

काच, सिरॅमिक यांसारखे ठिसूळ पदार्थ पिळले की तिरके तुटतात. फळ्यावरचा खडू पिळून तोडला, तर ४५ अंशांची मळसूत्री फट दिसते. फोनच्या आत सिरॅमिक कपॅसिटरला (वीज साठवणाऱ्या चिमुकल्या भागाला) अशीच बारीक चीर जाते आणि चिपला बोर्डाशी जोडणारे सोल्डरचे (डाख द्यायच्या धातूचे) मणी सुटतात. चीर पिळताना उघडते आणि सोडल्यावर मिटते. म्हणून चाचणीनंतर फोन सुरू झाला म्हणजे तो पास, असे मानणे चूक आहे. पीळ चालू असतानाच विद्युतजोडणी अखंड राहते का, हे मोजले पाहिजे.

फोनसाठी कोन आणि फेऱ्या बहुधा कंपनीच ठरवते. चिपच्या कार्डांसाठी मात्र आंतरराष्ट्रीय मानक आहे: १५ अंशांचा पीळ, मिनिटाला ३० वेळा, एकूण १,००० वेळा.

पुठ्ठ्याची नळी पिळून पाहावी, मग तीच उभी चिरून पुन्हा पिळावी. दुसऱ्यांदा ती जवळजवळ विरोधच करत नाही. स्क्रीन गोंदाने पक्की बसलेला फोन अखंड नळीसारखा, कडेने सुटलेला चिरलेल्या नळीसारखा. दुरुस्तीनंतर फोनला रबरबँड गुंडाळून ठेवतात, ते गोंद धरेपर्यंत काढू नयेत.