गावाची फळबाग लावताय? मग एकाच वाणाची सगळी कलमं नका आणू

गावाने मिळून फळबाग करायची ठरली की पहिली मीटिंग रोपं कुठली आणायची यावरच होते, आणि बहुतेक वेळा ठरतं काय, तर जे सगळ्यात गोड नि नावाजलेलं वाण आहे त्याचीच शंभर कलमं आणू. इथेच घोळ होतो.

कलम म्हणजे चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या भागावर, बांधायची, दोघांच्या सालीखालचा ओला थर एकमेकांना चिकटला की जोड धरतो. म्हणजे शंभर कलमं ही शंभर वेगळी झाडं नसतातच, जेनेटिकली एकच झाड शंभर ठिकाणी उभं असतं. आता सफरचंदाचं बघा, बहुतेक वाणांच्या फुलाला स्वतःचे पराग चालत नाहीत. पराग फुलात पडतो, रुजतो, त्यातून बारीक नळी खाली बीजांडाकडे (ज्याचं पुढे बी होतं) निघते सुद्धा, पण अर्ध्या वाटेत फुलातलंच एक एन्झाइम त्या नळीतला आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायला लागणारा रेणू, तोडून टाकतं आणि खेळ खलास. शेजारच्या कलमाचा पराग आला तरी तेच, कारण फुलाच्या हिशोबाने तोही घरचाच. आवळ्यातही एकाच वाणाची बाग फळ कमी धरते, आंब्यात दशहरी आणि लंगडा असेच हट्टी. फुलोरा भरपूर, फळांचा पत्ता नाही, मग लोक खताला नाहीतर पाण्याला शिव्या घालत बसतात.

उपाय सोपाय, दोन-तीन वाणं मिसळून लावा, फक्त त्यांचा फुलोरा एकाच वेळी यायला हवा, नाहीतर उपयोग शून्य. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका, आंब्याच्या मोहोरावर तर साध्या माश्यासुद्धा परागीभवनाचं मोठं काम करतात.

पपईची गंमत वेगळीच. नर-मादी वेगळी असणाऱ्या वाणात फूल येईपर्यंत कळतच नाही कोण कोण आहे, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलं दिसली की जास्तीचे नर काढतात, दहा माद्यांमागे एखादा नर ठेवला की भागतं.

लावल्यावरचं एक काम मात्र सामायिक बागेत हमखास राहतं, कारण ते कुणा एकाचं नसतं. जोडाच्या खालून खुंटाला फुटवे येतात, ते जोमदार असतात म्हणून बघायला छान वाटतात, पण ते कोवळे असतानाच हाताने मोडायचे. ठेवले तर वरची कलमाची काडी मागे पडते, कधी वाळूनही जाते, आणि काही वर्षांनी जी फळं येतात ती निवडून आणलेल्या वाणाची नसतात, खालच्या खुंटाची असतात.