मातृमनोविकार व न्यायालयीन तज्ज्ञसाक्ष

गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर जडलेल्या मनोविकाराचा आईच्या कृत्याशी, फौजदारी जबाबदारीशी अथवा अपत्याच्या ताब्याशी काय संबंध पोचतो, हे न्यायालयापुढे मांडण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांना करावी लागणारी तयारी. प्रसूतिकालीन मनोविकारशास्त्र आणि न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र या दोन शाखा येथे एकत्र येतात. बाळंतिणींवर उपचार करणाऱ्याला उलटतपासाची सवय नसते आणि न्यायालयात वावरणाऱ्याला बाळंतिणीच्या आजाराचा झपाटा ठाऊक नसतो, ही यातली मूळ अडचण आहे.

पूर्वेतिहास : बाळंतपणानंतरच्या वेडाचा पहिला उल्लेख कोणता, यावर एकमत नाही. हिपॉक्राटीझच्या परंपरेतील रुग्णवृत्तांतांत सिझिकस या प्राचीन ग्रीक नगरातील एका जुळ्यांच्या आईची हकिकत येते. तिला पहिल्या दिवसापासून ताप होता, पुढे ती बरळू लागली आणि सतराव्या दिवशी मरण पावली. जुन्या ग्रंथांत हीच आद्य नोंद म्हणून दिली जाते. तापाचा क्रम पाहता तो जंतुसंसर्गातून आलेला वातभ्रम (तापातील तात्पुरती भ्रमिष्टता) असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच परंपरेतील एका सूत्रात स्त्रीच्या स्तनांत रक्त साठणे हे उन्मादाचे लक्षण म्हटले आहे. दूध चढून डोके बिघडते ही युरोपात दीर्घकाळ टिकलेली कल्पना तेथूनच निघाली असावी. आयुर्वेदातील सूतिकारोगांचे वर्णन व्यापक असून त्याची आजच्या निदानांशी थेट जोडी लावणे धाडसाचे होईल.

आधुनिक विवेचनाचा आरंभ सामान्यतः फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से याच्या १८५८ मधील प्रबंधापासून धरतात, जरी फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल याची निरीक्षणे त्याआधीची आहेत. मार्सेने ३१० रुग्णांची गर्भारपण, सूतिकाकाल (प्रसूतीनंतरचे काही आठवडे) व स्तन्यपान अशी तीन गटांत विभागणी केली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रुग्ण तिसऱ्या गटात पडले. ‘स्तन्यपानजन्य वेड’ हा वर्ग त्यामुळे पक्का झाला आणि एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या रुग्णालयांच्या नोंदवह्यांत तो सर्रास आढळतो. अशा अनेक स्त्रिया उपासमार, रक्तक्षय व लागोपाठची बाळंतपणे यांनी खंगलेल्या असत, हे त्याच नोंदींतून दिसते. दुधाशी कार्यकारणसंबंध मात्र कधीच सिद्ध झाला नाही.

इंग्लिश कायदा : हा वैद्यकीय वाद कायद्यात गोठला, म्हणून त्याला महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलाला मारणाऱ्या आईला खुनासाठी फाशीची शिक्षा सुनावली जाई, पण ती अंमलात येत नसे. स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल आईला प्रत्यक्ष फाशी दिल्याचा अखेरचा प्रसंग सर्वसाधारणतः १८४९ चा मानतात. न्यायाधीशाने काळी टोपी घालून, होणारच नाही अशा मृत्यूची घोषणा करायची, हा देखावा थांबवण्यासाठी १९२२ मध्ये अर्भकहत्या कायदा झाला. त्यात ‘नवजात’ शब्दाची व्याख्या नव्हती. १९२७ च्या ओडॉनह्यू खटल्यात ३५ दिवसांचे मूल नवजात नव्हे असे ठरले आणि आईला कायद्याचा लाभ मिळाला नाही. १९३८ च्या कायद्याने मर्यादा बारा महिन्यांपर्यंत वाढवली. प्रसूतीच्या परिणामांतून पूर्ण न सावरल्यामुळे किंवा स्तन्यस्रावाच्या परिणामामुळे आईच्या मनाचा तोल ढळलेला असल्यास तो गुन्हा सदोष मनुष्यवधाच्या पातळीवर हाताळावा, अशी तरतूद त्यात आली. मर्यादा वर्षभर ताणण्यासाठी स्तन्यस्रावाचा आधार सोयीचा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत असून ते पटण्याजोगे आहे.

परिणामी साक्षीला उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाला, ज्या सिद्धांतावर शास्त्राचा विश्वास नाही त्याच्या शब्दांत आपले मत बसवावे लागते. मनोविकारग्रस्त गुन्हेगारांविषयीच्या इंग्लंडमधील बटलर समितीने (१९७५) हा गुन्हाप्रकारच अनावश्यक ठरवला होता, तर तेथील विधी आयोगाने २००६ मध्ये तो राखण्याची शिफारस केली. २०१८ मध्ये टन्स्टिल प्रकरणात अपील न्यायालयाने, मनाचा तोल ढळण्यास प्रसूती हेच एकमेव कारण असण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. आधीपासूनचा आजार असलेल्या स्त्रीविषयी साक्ष देणाऱ्याला हा निर्णय माहीत असलाच पाहिजे. कॅनडात १९४८ पासून अशीच तरतूद असून तेथील सर्वोच्च न्यायालयाने बोरोविएक प्रकरणात (२०१६) ‘विचलित मन’ ही कसोटी वेडाच्या बचावापेक्षा सौम्य असल्याचे स्पष्ट केले.

स्वतंत्र विकार आहे काय : उलटतपासात हटकून येणारा हा प्रश्न आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन याच्या वर्गीकरणपद्धतीत प्रसूतीला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले नाही. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीत प्रसूतीशी निगडित चित्तविकृतीला (वास्तवाचे भान सुटणारा तीव्र विकार, सायकोसिस) वेगळा क्रमांक होता, १९८० मध्ये तो गेला. १९९४ च्या आवृत्तीत प्रसूतीनंतर चार आठवड्यांत आरंभ असा पोटनिर्देश आला व २०१३ मध्ये त्यात गर्भारपणाचाही समावेश झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात सहा आठवड्यांची मर्यादा आहे. चौथ्या आणि सहाव्या आठवड्यातील या फरकावर वकील बराच वेळ घालवतात. एडिंबरो येथील केंडेल व सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासात ५४,०८७ प्रसूतींचा मागोवा घेतला होता. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चित्तविकृतीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एकदम उसळते, हे त्यातून पुढे आले. प्रसूती ही वेगळ्या रोगाचे कारण नसून मुख्यतः उद्दीपन-अवसाद (द्विध्रुवी) प्रवृत्तीला चेतवणारी घटना आहे, या मताकडे आज बहुसंख्यांचा कल आहे. प्रसूतिपश्चात चित्तविकृती दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांत आढळते. तिच्यातून अर्भकहत्येचे प्रमाण चार टक्के असल्याचे वारंवार सांगितले जाते, परंतु हा आकडा मूळ आधार तपासल्याशिवाय शपथेवर सांगू नये.

अमेरिकेतील अनुभव : मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी १९६९ मध्ये पालकांकडून होणाऱ्या बालहत्यांचे हेतूंनुसार पाच प्रकार केले : परोपकारबुद्धीने, तीव्र चित्तविकृतीत, नको असलेल्या मुलाची, अपघाती आणि जोडीदारावर सूड म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी जन्मानंतरच्या २४ तासांतील हत्या वेगळी काढली. या गटातील आयांत चित्तविकृती तुलनेने कमी आढळते आणि गर्भारपण लपवणे वा नाकारणे अधिक आढळते. दोन्ही गटांची सरमिसळ करणारा साक्षीदार पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

टेक्ससमधील अँड्रिया येट्स खटला प्रशिक्षणात नेहमी अभ्यासला जातो. जून २००१ मध्ये तिने आपल्या पाच मुलांना बुडवून मारले आणि स्वतःच पोलिसांना बोलावले. आपले कृत्य चुकीचे आहे हे आरोपीला कळत होते काय, एवढीच टेक्ससची कसोटी. पोलिसांना बोलावणे हा कळण्याचा पुरावा की भ्रमाचा भाग, यावर तज्ज्ञांत फूट पडली. कायद्याने हे चूक हे तिला ठाऊक होते, पण मुलांना नरकापासून वाचवण्यासाठी तेच योग्य असे ती मानत होती, असे बचाव पक्षाकडून रेझ्निक यांनी सांगितले. सरकारपक्षाचे तज्ज्ञ पार्क डीट्झ यांनी साक्षीत एका दूरचित्रवाणी मालिकेच्या भागाचा उल्लेख केला, ज्यात अशाच आईची वेडाच्या आधारे सुटका झाल्याचे दाखवले होते. असा भाग कधी निघालाच नव्हता. २००२ मध्ये तिला जन्मठेप झाली. या चुकीच्या साक्षीमुळे अपील न्यायालयाने २००५ मध्ये दोषसिद्धी रद्द केली व २००६ च्या फेरखटल्यात ती वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरली. तज्ज्ञाचे ओझरते वाक्यही ज्यूरी पुरावा म्हणून ऐकते, हा धडा सर्वच प्रशिक्षक यातून देतात. इलिनॉयमध्ये २०१८ पासून प्रसूतिपश्चात नैराश्य व चित्तविकृती शिक्षा ठरवताना विचारात घेता येते. टेक्ससमध्ये २००९ साली मांडलेले अर्भकहत्येचे विधेयक मात्र संमत झाले नाही.

तयारीचे स्वरूप : पहिली गोष्ट भूमिका वेगळ्या ठेवण्याची. उपचार करणारा डॉक्टर रुग्णाच्या बाजूने विचार करतो, तर मूल्यमापन करणाऱ्याला तसे करता येत नाही. त्यामुळे उपचारकाने स्वतः पाहिलेल्या तथ्यांपुरती साक्ष द्यावी, असा संकेत आहे. तपासणीच्या आरंभीच स्त्रीला अहवाल कोणाकडे जाणार हे सांगावे लागते. गोपनीयतेची मर्यादा तिला कळली की नाही, हेही नोंदवावे.

खरी कसोटी काळाची असते. प्रश्न ‘ती आजारी आहे काय’ हा नसून ‘त्या घटकेला आजाराने तिच्या समजुतीचे काय केले होते’ हा असतो आणि तपासणी बहुधा कित्येक आठवड्यांनी, औषधे सुरू झाल्यावर होते. प्रसूतिपश्चात चित्तविकृतीत लक्षणे तासातासाला पालटतात. सकाळी नीट बोलणारी स्त्री दुपारी गोंधळलेली असू शकते. म्हणून घटनेच्या जवळच्या काळातील कागद हाच खरा आधार : प्रसूतिगृहाची परिचर्यानोंद, लसीकरणाच्या भेटी, औषधांच्या चिठ्ठ्या, फोनवरील संदेश, पहिला पोलीस जबाब, कारागृहातील वैद्यकीय तपासणी. झोप केव्हा उडाली, औषध कधी व कोणाच्या सांगण्यावरून बंद झाले, पूर्वीच्या बाळंतपणात काय घडले, यांची तारीखवार मांडणी करावी. अवटुग्रंथीचा (थायरॉइडचा) विकार, जंतुसंसर्ग, मेंदूतील शिरांत गुठळी होणे किंवा स्वप्रतिरक्षित मस्तिष्कशोथ (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज) यांसारखी शारीरिक कारणे वगळली होती काय, हे विरुद्ध पक्ष विचारतोच. घरचे लोक ‘बाळंतवात झाला’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ एवढेच सांगतात. त्यामागचे प्रत्यक्ष वागणे प्रश्न विचारून काढावे लागते.

एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मापनपट्टी (१९८७) दहा प्रश्नांची असून ती चाळणीसाठी आहे. तिच्या गुणांवरून निदान सांगणे टाळावे. गोव्यातील २००२ च्या एका अभ्यासात तिच्या कोकणी रूपांतराचा वापर होऊन सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण व मुलीचा जन्म यांचा त्याच्याशी संबंध दिसला. अशी माहिती पार्श्वभूमी म्हणून उपयोगी असते, एका विशिष्ट स्त्रीविषयी ती काहीच सिद्ध करीत नाही. सराव-उलटतपास, वकिलाशी खटल्यापूर्वीची बैठक आणि मताची मर्यादा आधीच लिहून ठेवणे ही तयारीची नेहमीची अंगे होत.

भारत : भारतात अर्भकहत्येचा इंग्लिश धर्तीचा सौम्य गुन्हाप्रकार नाही आणि न्यून जबाबदारीचा (मनोविकारामुळे खुनाचा आरोप सौम्य करणारा) बचावही नाही. त्यामुळे आईपुढे खुनाचा आरोप किंवा संपूर्ण वेडाचा बचाव अशी दोनच टोके उरतात. हा बचाव भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. दह्याभाई ठक्कर खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने कृत्याच्या वेळची मनःस्थिती निर्णायक ठरवली. आरोपीवरील सिद्धीचा भार दिवाणी दाव्याइतकाच, म्हणजे संभाव्यतेच्या तोलाचा आहे, असेही त्यात म्हटले. वैद्यकीय वेड व कायदेशीर वेड यांतील फरक सुरेंद्र मिश्र (२०११) व इतर निर्णयांत पुन्हा अधोरेखित झाला आहे. निदानाची चिठ्ठी पुरेशी नाही, ती कायद्याच्या शब्दांशी जोडून दाखवावी लागते.

तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ (पूर्वीचे ४५) अन्वये संबद्ध ठरते आणि मताची कारणेही कलम ४५ अन्वये. जय लाल प्रकरणात (१९९९) तज्ज्ञाने निष्कर्षासोबत तो तपासण्याची शास्त्रीय साधने न्यायालयाला पुरवावीत, असे सांगितले आहे. रासायनिक परीक्षक किंवा मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक यांचे अहवाल विशिष्ट तरतुदीमुळे साक्षीशिवायही पुराव्यात घेता येतात. मनोविकारतज्ज्ञाचे नाव त्या मूळ यादीत नाही, म्हणून त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात यावेच लागते. सरतपास, उलटतपास, फेरतपास हा क्रम त्याला ठाऊक हवा. साक्ष देताना व्यावसायिक ग्रंथ पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा कायदा तज्ज्ञाला देतो. अनेक डॉक्टरांना ही सवलत माहीतच नसते. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांत अहवाल इंग्रजीत व जबानी मराठीत, अशी स्थिती वारंवार येते. लिहून घेतलेली जबानी सही करण्यापूर्वी वाचणे हा तयारीचाच भाग मानावा.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. न्यायप्रक्रियेत आजाराचा पुरावा आला व दुसऱ्या पक्षाने तो अमान्य केला, तर कलम १०५ अन्वये प्रश्न मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून माता-बालक विभाग आहे. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांकडे न्यायालये आरोपींना निरीक्षणासाठी पाठवतात.

कौटुंबिक न्यायालये : खुनाच्या खटल्यांपेक्षा घटस्फोट व ताब्याच्या दाव्यांत हा विषय अधिक वेळा येतो, पण त्याची चर्चा कमी होते. बाळंतपणातील आजाराचे जुने कागद पती घटस्फोटासाठी पुढे करतो. राम नारायण गुप्ता प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने आजाराचे नाव पुरेसे नसून त्याची तीव्रता व सहजीवनावरील परिणाम पाहावा, असे म्हटले. शारदा प्रकरणात (२००३) वैद्यकीय तपासणीचा आदेश देण्याचा न्यायालयाचा अधिकार मान्य झाला. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चा दंडक आहे. येथे तज्ज्ञाला मागे काय झाले यापेक्षा पुढे काय होईल हे विचारतात. आजार उलटण्याची शक्यता कोणत्या परिस्थितीत, पुढच्या गर्भारपणात काय खबरदारी, औषधे नियमित असताना मुलाची निगा कशी, हे सांगावे लागते. २०१७ च्या अधिनियमातील कलम २१ नुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. डॉक्टरांना आईच्या आजारामुळे मुलाला धोका वाटला किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी ते आवश्यक वाटले, तर तात्पुरते वेगळे ठेवता येते. त्या काळातही देखरेखीखाली भेटीची सोय ठेवावी लागते व निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.