लँड स्पीड साइडकार

मोटारसायकलच्या एका बाजूला तिसरे चाक जोडून, सपाट आणि सरळ मार्गावर जास्तीत जास्त वेग गाठण्यासाठी बांधलेली गाडी. सर्किटवरच्या साइडकारशी तिचे नाते नावापुरतेच. मोजलेल्या मैलातून किंवा किलोमीटरमधून पार व्हायचे आणि घड्याळ सांगेल तो वेग मान्य करायचा, एवढीच ही शर्यत. ताकद विकत मिळते. एका कुशीला जड असलेली गाडी सरळ पळवणे हे खरे काम, आणि ते गॅरेजमध्येच करावे लागते.

न्यूझीलंडच्या रॉबर्ट बर्न्सने जुलै १९५५ मध्ये व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटारसायकलला साइडकार लावून ताशी १६३ मैल गाठले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विल्हेल्म नोलने बीएमडब्ल्यूवर म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर ताशी २८०.२ किमीची नोंद केली. आज अशा गाड्या प्रामुख्याने अमेरिकेतील युटाच्या बॉनव्हिल मीठपठारावर आणि ऑस्ट्रेलियातील लेक गेर्डनरवर धावतात. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या नियमानुसार विक्रमासाठी दोन तासांच्या आत उलटसुलट दिशांना दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरतात.

गोव्यात गाडी बांधता येते, पळवता येत नाही. आगरवाड्याची मिठागरे बघून बॉनव्हिल आठवेल, पण ते मातीच्या बांधांनी पाडलेले लहान कप्पे, खाली चिखल. ओहोटीची घट्ट वाळू मोहात पाडते. मात्र किनाऱ्यावर वाहन घालणे गुन्हा आहे, शिवाय मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवे अंडी घालतात. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेतली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ लागते. म्हणजे डायनो (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणारे यंत्र) आणि बंदिस्त आवारातली ताशी ४०-५० किमीची चाचणी, इतकेच हातात उरते. म्हणून मोजमाप चोख हवे.

साइडकारची चौकट ३२ मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या सीमलेस पाइपची, आर्गन वेल्डिंगने जोडलेली असावी. ती मोटारसायकलला चार ठिकाणी बांधतात : खालचे दोन जोड भार घेतात, वरचे दोन गाडीचा कल ठरवतात. तिनावर भागवले तर थ्रॉटल उघडताच चौकट पिळते आणि केलेले अलाइनमेंट, म्हणजे चाकांची एकमेकांशी जुळवलेली दिशा, कागदावरच राहते.

अलाइनमेंटसाठी खिडक्या करणाऱ्यांकडून ३ मीटरचे दोन सरळ अॅल्युमिनियम सेक्शन आणावेत. विटांवर ठेवून एक मोटारसायकलच्या दोन्ही टायरांना आणि दुसरा साइडकारच्या टायरला टेकवावा. मागचा टायर रुंद असेल, तर फरकाच्या निम्म्या जाडीची पट्टी पुढच्या टायरपाशी घालावी. मग दोन सेक्शनमधले अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजावे. पुढचे अंतर जितके कमी, तितका टो-इन. रस्त्यावरच्या साइडकारला १० ते २० मिमी ठेवतात. इथे ५ ते ८ पुरतो, कारण जादा टो-इन टायर आडवा घासत नेतो, तापवतो आणि ताकद खातो. हे माप चालक पूर्ण पोशाखात बसलेला असतानाच घ्यावे. रिकाम्या गाडीवर घेतलेले माप स्प्रिंग दबताच बदलते.

मोटारसायकल उभी किती, हे गवंड्याच्या ओळंब्याने कळते. सपाट मिठावर कल शून्य ठेवावा. इथे बरेच जण फसतात : आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो, गाडी डावीकडे ओढते, म्हणून ती उजवीकडे कलती करून ‘सरळ’ केली जाते. तीच गाडी मिठावर उजवीकडे पळते.

साइडकार डावीकडे असेल तर थ्रॉटल उघडल्यावर गाडी डावीकडे वळू पाहते आणि बंद केल्यावर उजवीकडे. मोजलेला मैल किंवा किलोमीटर ओलांडला की थ्रॉटलवरचा हात चटकन सुटतो. धोका नेमका तिथे. थ्रॉटल हळूहळू मिटावा. रस्त्यावरच्या साइडकारला सुकाणू हलके व्हावे म्हणून ट्रेल (सुकाणूचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो तिथपासून पुढचे चाक टेकते त्या जागेपर्यंतचे अंतर) कमी करतात. इथे तो तसाच ठेवून हँडलचे हेलकावे शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर लावावा. चालकाच्या मनगटाला बांधलेल्या दोरीचा किल-स्विच, म्हणजे चालक पडला तर इंजिन बंद करणारा स्विच, लागतोच.

हवेला तोंड देण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. गाडीचा ड्रॅग-क्षेत्रफळ गुणाकार (हवेच्या अडथळ्याचा गुणांक गुणिले समोरचे क्षेत्रफळ) ०.४५ चौ. मी. धरला तर ताशी २०० किमीला गोव्याच्या हवेत साधारण ६० अश्वशक्ती लागते, २४० ला शंभरावर. बॉनव्हिल सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा पातळ म्हणून अडथळा कमी, पण टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते, आणि मीठ चाकांना मागे ओढते ते मात्र कमी होत नाही. गोव्यातल्या डायनोचा आकडा घेऊन तिथे गेलेला निराश होतो. मिकुनी कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे छिद्र) इथे १५० बसत असेल, तर तिथे १४० च्या आसपासपासून सुरुवात करावी आणि प्लगचा रंग पाहावा.

गिअरिंगचा हिशेब सोपा. मागच्या टायरचा परीघ २ मीटर असेल तर ताशी २०० किमीला चाक मिनिटाला १,६६७ फेरे घेते. मीठ निसरडे, चाक शंभर फिरले तर गाडी ब्याण्णवच पुढे जाते असे धरल्यास फेरे १,८१२ होतात. इंजिनाची कमाल ताकद ७,००० फेऱ्यांना असेल तर एकूण गुणोत्तर ३.८६ हवे. सोबत एक-एक दाताच्या फरकाचे तीन स्प्रॉकेट असावेत.

फेअरिंगसाठी होड्यांचे फायबरकाम करणारे कारागीर उत्तम. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचतंतूच्या मॅटचे तीन थर दिले की जाडी साधारण ३ मिमी भरते. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीच पट, हार्डनर १ ते २ टक्के. पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

परतल्यावर गाडी लगेच गोड्या पाण्याने धुवावी, वायरिंगचे कनेक्टर सोडवून. चौकटीच्या नळ्यांना पाडलेली भोके वेल्डने बंद नसतील, तर आत गेलेले खारे पाणी अख्खा पावसाळा तिथेच राहते आणि पुढच्या हंगामात पाइप आतून सडलेला निघतो.