मिस्टेक

मिस्टेक : चूक या अर्थाचा, मराठीच्या रोजच्या बोलण्यात पुरता रुळलेला इंग्रजी शब्द. नागपुरात तो ‘मिष्टेक’ असाही उच्चारला जातो, आणि ज्यांचा इंग्रजीशी फारसा संबंध आलेला नाही अशा माणसांच्या तोंडीही तो सहज येतो.

शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘मिस्टाका’ या क्रियापदात आहे. ‘मिस’ म्हणजे भलतेच आणि ‘टाका’ म्हणजे घेणे, असा त्याचा सरळ अर्थ. इंग्रजीत तो आधी क्रियापद म्हणून वापरला गेला आणि नाम म्हणून सतराव्या शतकात रूढ झाला. एका गोष्टीला दुसरीच समजणे हा मूळ अर्थ इंग्रजी क्रियापदात अजून जिवंत आहे. आपल्याकडच्या वेदान्तातला दोरीला साप समजणारा वाटसरू इंग्रजीत नेमकी हीच क्रिया करतो. मराठीने मात्र या शब्दाचे फक्त नाम घेतले, क्रियापद घेतले नाही. मराठीत ‘मिस्टेक होते’, ‘मिस्टेक निघते’, ‘मिस्टेक पकडतात’.

त्याचा शेजारी ‘एरर’ लॅटिनमधून आला. तिथे त्याच्या मुळाशी भटकणे, वाट सोडणे ही कल्पना आहे, आणि मराठीतल्या ‘वाट चुकणे’ या प्रयोगाशी ती थेट जुळते. असे असूनही ‘चूक’ आणि ‘मिस्टेक’ यांची क्षेत्रे एक नाहीत. ‘चुकणे’ हे फार ऐसपैस क्रियापद आहे. गाडी चुकते, नेम चुकतो, जत्रेत माणसांची चुकामूक होते, कर चुकवला जातो, देणे चुकते केले जाते, आणि मरण कोणालाच चुकत नाही. यांपैकी एकाही ठिकाणी ‘मिस्टेक’ चालत नाही. उलट ‘चूक’ जिथे जिथे दोष दाखवणारे नाम म्हणून येते, तिथे ‘मिस्टेक’ तिची जागा घेऊ शकते, पण त्या अदलाबदलीत दोषाचे वजन बदलते.

नागपूरच्या बोलीत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो, कारण तिथे एकाच अर्थासाठी तीन भाषांतले शब्द हाताशी असतात. हे शहर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होते. हिंदी आणि मराठी प्रदेशांचा कारभार इथून एकत्र चालला, आणि विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे अरबी मुळाची, हिंदीमार्गे आलेली ‘गलती’ इथे परकी वाटत नाही. मित्रामित्रांत ‘गलती झाली बे’ म्हणून विषय संपतो. वडीलधाऱ्यांपुढे ‘माह्याच्यानं चूक झाली’ असे म्हटले जाते, आणि त्यात कबुली असते. कार्यालयात, दुकानाच्या काउंटरवर, अनोळखी माणसापुढे ‘सॉरी, मिस्टेक झाली’ ऐकू येते. तिन्हींत सर्वांत सौम्य शब्द ‘मिस्टेक’ हाच. तो चुकीला कामाच्या ओघात घडलेली तांत्रिक बाब ठरवतो, आणि बोलणाऱ्याच्या शीलाला हात लागू देत नाही. म्हणूनच कोणी विश्वासघात केला तर त्याला नागपूरकर मिस्टेक म्हणत नाही.

व्याकरणात ‘मिस्टेक’ स्त्रीलिंगी आहे. चूक, भूल, गलती, गफलत ही सगळीच नामे स्त्रीलिंगी असल्याने नव्या शब्दालाही तेच लिंग मिळाले असावे. ‘फॉल्ट’ मात्र दोषाप्रमाणे पुल्लिंगी झाला. विजेच्या लाईनमध्ये फॉल्ट ‘असतो’, आणि भांडणात ‘फॉल्ट कोणाचा’ असे विचारले जाते. ‘एरर’चे लिंग अजून ठरलेले नाही, संगणकावर कोणाला एरर ‘आला’ दिसतो, कोणाला ‘आली’. ‘बाय मिस्टेक’ हा जोडशब्द अख्खाच उचलला गेला आणि त्याला पुन्हा मराठी प्रत्ययही लागला. ‘बाय मिस्टेकनं तुम्हाले फोन लागला’ या वाक्यात ‘ने’चा अर्थ दोनदा आला आहे, तरी ते बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला खटकत नाही.

इंग्रजी लिहिताना मराठी माणूस या शब्दापाशी हमखास अडखळतो. आपण चूक ‘करतो’, म्हणून विद्यार्थी ‘डू अ मिस्टेक’ लिहितो. इंग्रजीत मात्र ‘मेक अ मिस्टेक’ असेच म्हणावे लागते. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. नियम माहीत असून घाईत किंवा थकव्याने घडते ती मिस्टेक, आणि नियमच माहीत नसल्याने किंवा चुकीचा शिकल्याने पुन्हा पुन्हा घडतो तो एरर. वहीत एकाच ठिकाणी शेवटचे अक्षर गळले असेल, तर मुलगा ते स्वतःच दुरुस्त करू शकतो. पण ‘डू अ मिस्टेक’ पाच पानांत पाच वेळा आले असेल, तर शिक्षकाने लाल शाईने खोडून थांबण्यात अर्थ नाही, कारण मुलाच्या मनात एक वेगळाच, त्याच्यापुरता सुसंगत नियम तयार झालेला आहे. त्या नियमात मातृभाषेचे व्याकरण दिसते, आणि त्याकडे आळस म्हणून पाहणे मुलावर अन्याय करणारे आहे. पालक सर्रास ज्याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात, त्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

व्यापारात चुकीची आगाऊ कबुली देण्याची जुनी रीत आहे. मराठी पत्राच्या किंवा हिशेबाच्या शेवटी ‘चू. भू. दे. घे.’, म्हणजे चूकभूल देणे-घेणे, अशी अक्षरे येतात. नागपुरातील इतवारीच्या घाऊक बाजारात मराठी दुकानांच्या जोडीने मारवाडी आणि गुजराती पेढ्याही असल्याने तिथे हिंदी वळणाचे ‘भूल-चूक लेनी-देनी’ही चालते, आणि छापील बिलबुकाच्या तळाशी, सहीच्या जागेजवळ, बारीक टाईपात ‘ई. अँड ओ. ई.’ असते. चुका आणि राहून गेलेल्या बाबी वगळून, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ आहे. बेरजेत किंवा दरात लिहिण्याची चूक निघाल्यास ती सुधारण्याचा हक्क दुकानदार त्यातून राखून ठेवतो. मराठी सूत्राची मांडणी अधिक न्याय्य आहे, हे इथे नोंदवायला हवे. इंग्रजी अक्षरे बिल देणाऱ्याचे रक्षण करतात. ‘देणे-घेणे’ मात्र दोन्ही बाजूंना लागू होते, जास्त घेतले असेल तर परत देऊ आणि कमी घेतले असेल तर मागून घेऊ, असा तो करार आहे.

कायद्यात ‘मिस्टेक’ला नेमका अर्थ आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 20 प्रमाणे, कराराला आवश्यक अशा वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्षांची चूक झाली असेल तर तो करार शून्य ठरतो. कायद्यातच दिलेल्या उदाहरणात एक घोडा विकत घ्यायचे ठरते, पण सौदा होताना तो मेलेला असतो आणि हे दोघांनाही ठाऊक नसते. किमतीच्या चुकीच्या अंदाजाला मात्र हे कलम लागू नाही. आंबिया बहाराची संत्री झाडावर असतानाच बागेचा सौदा करणाऱ्या व्यापाऱ्याला, माल अपेक्षेइतक्या मोलाचा निघाला नाही एवढ्यावरून, मिस्टेक झाली म्हणून करार मोडता येत नाही. कलम 72 प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे, आणि त्यात कायद्याविषयीची चूकही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये ठरवले. मोबाइलवरून भलत्याच क्रमांकावर गेलेल्या रकमेलाही हेच तत्त्व लागू पडते.

नागपुरात 1936 पासून उच्च न्यायालय होते, आणि आज तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तिथल्या वकिलांच्या बोलण्यात ‘क्लेरिकल मिस्टेक’ आणि ‘एरर’ हे शब्द वेगवेगळ्या कामांसाठी येतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 152 खाली निकालातील लिखाणाची किंवा आकडेमोडीची चूक केव्हाही दुरुस्त करता येते. त्याच संहितेच्या आदेश 47 खाली पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाकडून निकालाचा फेरविचार, मागायचा असेल, तर इतर कारणांच्या जोडीने, अभिलेखावर, म्हणजे प्रकरणाच्या कागदपत्रांवर, उघड दिसणारी ‘मिस्टेक किंवा एरर’ दाखवता येते. ती शोधून काढण्यासाठी लांबलचक युक्तिवाद करावा लागत असेल, तर ती उघड मानली जात नाही आणि पक्षकाराला अपिलाची वाट धरावी लागते.