आयर्नमध्ये स्टील कुठं ठेवलंय, ते आधी बघा

गोल्फचे आयर्न, म्हणजे स्टीलच्या हेडचे क्लब, घेताना बहुतेकजण आधी विचारतात फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) आहे का कास्ट (साच्यात ओतलेलं), आणि मला हा प्रश्न खरंच दुय्यम वाटतो. ७ नंबरच्या आयर्नचं हेड पाव किलोपेक्षा जरासं जास्त भरतं, ब्लेड घ्या नाहीतर कॅव्हिटी बॅक, त्यात फार फरक पडत नाही, फरक आहे तो ते स्टील हेडमध्ये कुठं ठेवलंय याचा.

ब्लेड म्हणजे मसल बॅक, त्यात बरंचसं वजन फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध मागं असतं. कॅव्हिटी बॅकमध्ये मधलं स्टील काढून टो (दांड्यापासून लांबचं टोक), हील (दांड्याकडचं टोक) आणि तळाकडं नेलेलं असतं. ही कल्पना रुजवण्यात कार्स्टन सोल्हाइम यांचा वाटा मोठा, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते, नंतर गोल्फ क्लब बनवणारी पिंग कंपनी काढली.

आता चेंडू मधे न लागता टोच्या बाजूला लागला की मनगटाला कळायच्या आधीच हेड फिरतं, फेस उघडतो आणि थोडी ताकद त्या फिरण्यातच जाते. हेड किती फिरणार हे मोमेंट ऑफ इनर्शियावर, म्हणजे हेड फिरायला किती विरोध करतं यावर ठरतं, आणि त्यात मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग येतो, म्हणून थोडंसं वजन कडेला सरकवलं तरी परिणाम चांगला दिसतो.

पण किती चांगला? साधं गणित करून बघू. हेड २६० ग्रॅम, चेंडू ४६ ग्रॅम, ब्लेडचा इनर्शिया २१०० आणि मोठ्या कॅव्हिटी बॅकचा २८०० ग्रॅम वर्ग सेंमी धरला, आणि चेंडू मध्यापासून दीड सेंमी बाहेर लागला, तर ब्लेडमध्ये चेंडूचा वेग साधारण ४ टक्के कमी होतो, कॅव्हिटी बॅकमध्ये ३ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा, १४० मीटरच्या शॉटला दीड-दोन मीटर, दिशेतला फरक वेगळा. जाहिरातीत जे काही सांगतात त्या मानाने हे फारच कमी आहे. माझ्या मते नवख्या माणसाला खरी मदत होते ती उभ्या दिशेनं, कारण त्याचे बरेच शॉट फेसवर खालच्या बाजूला लागतात, तिथं गुरुत्वमध्य खाली असला की चेंडू तरी हवेत उठतो, आणि सोल म्हणजे तळ रुंद असला की क्लब चेंडूच्या मागं जमिनीत रुतत नाही.

फीलचं काय, तर चेंडू फेसला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला आलेला झटका मेंदूपर्यंत पोचेपर्यंत चेंडू कधीच निघून गेलेला असतो, त्यामुळं फीलनं तो शॉट सुधारत नाही, पुढचा सुधारतो. क्रिकेटमध्ये बॅटच्या मिडलला लागला की हाताला काहीच जाणवत नाही आणि टोकाला लागला की झिणझिण्या येतात, तसंच आहे हे, आणि ब्लेडमध्ये तो फरक जास्त स्पष्ट कळतो. टक्कर होताना दबतो तो चेंडू, स्टील जवळजवळ नाहीच, म्हणून "मऊ स्टील" म्हणून जे वाटतं त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. आवाज ठरतो हेडच्या आकारावर आणि फेसच्या जाडीवर, म्हणूनच पोकळ हेडच्या आयर्नमध्ये आत फोमसारखं काहीतरी भरतात.

कंट्रोलबद्दल मात्र एक गैरसमज फार पसरलाय, की ब्लेडनं चेंडू जास्त वळवता येतो. चेंडू किती वळणार हे फेसची दिशा आणि स्विंगचा मार्ग यांवर ठरतं, ब्लेड स्वतःहून काही जास्त वळवत नाही, आणि मला तर अंतराचा कंट्रोल जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीच्या ७ आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, ३४-३५ अंश असायचा, आता लांब मारणाऱ्या सेटमध्ये तो २८-३० वर आलाय, फेस पातळ, चेंडू लांब जातो पण स्पिन कमी. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, ७ आयर्नचा स्पिन मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या आसपास असतो, तो बराच कमी झाला की चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पडून थांबत नाही, पुढं पळतो.

बरेच खेळाडू लांब अंतराचे आयर्न कॅव्हिटी बॅक आणि जवळच्या अंतराचे ब्लेड असा मिक्स सेट ठेवतात, मला हे पटतं. फक्त लॉफ्ट मोजून घ्या, कारण लांब मारणाऱ्या नव्या सेटमधला पिचिंग वेज (९ आयर्ननंतरचा, जवळच्या अंतराचा क्लब) ४३-४४ अंशाचा असतो, त्याच्यानंतर थेट ५६ चा सँड वेज ठेवला तर मधल्या अंतराला बॅगेत क्लबच राहत नाही.