सिलिकॉनला रंग कळत नाही

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकतो. नुसत्या डोळ्यांनी बघा, तिथे काहीच नाही!

हा ठिपका म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो, तर कॅमेऱ्यातल्या सेन्सरमधल्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपमधल्या) सिलिकॉनला जवळपास 1100 नॅनोमीटरपर्यंतचा जाणवतो. हा जादा प्रकाश फोटोत मिसळला की रंगांचा विचका होतो, म्हणून सेन्सरपुढे तो अडवणारी काच बसवतात. 2006 मध्ये आलेल्या लायका एम8 कॅमेऱ्यात ही काच फारच पातळ ठेवली होती. परिणामी काळे कृत्रिम धाग्यांचे कपडे फोटोत जांभळट येऊ लागले, आणि लेन्सवर लावायचे फिल्टर कंपनीला ग्राहकांना फुकट द्यावे लागले.

रंगांची गोष्ट याहून गमतीची. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि सेन्सर ते मोजतो, बस्स. ते लाल प्रकाशाने सुटले की निळ्या, हे त्याला ठाऊक नसतं. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी यावर तोड काढली (पेटंट 1976 चं): प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा चिमुकला फिल्टर. निम्मे हिरवे, कारण बारीक तपशील टिपताना आपला डोळा हिरव्यावरच जास्त विसंबतो. पण या सोयीपायी आलेल्या प्रकाशातला सुमारे दोन तृतीयांश फिल्टरमध्येच जिरतो. शिवाय प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मेगापिक्सेलच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

बारीक रेघांच्या शर्टावर हा अंदाज हमखास चुकतो आणि नसलेल्या रंगीत लाटा उमटतात. त्या टाळायला आणखी एक फिल्टर लावतात, आणि त्याचं काम काय, तर चित्र किंचित धूसर करणं! 2012 मध्ये निकॉनने डी800 सोबत डी800ई काढला. त्यात या फिल्टरचा परिणाम पुसून टाकला होता, आणि किंमत मात्र जास्त होती.

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची अडचण उलटी. तेजोमेघांमधल्या (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांमधल्या) हायड्रोजनचा लाल प्रकाश 656 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यातलाच. पण अवरक्त अडवणारी काच त्याचाही बराच भाग गिळते. त्यामुळे ही मंडळी कॅमेरा उघडून ती काच काढून घेतात. मग तेजोमेघ लालभडक येतात, आणि दिवसाउजेडी काढलेले फोटोही.