आरोग्य हेल्पलाइन, घरून काम आणि दर्जाची पट्टी: पार्श्वभूमी

हैदराबादेत २००५ साली १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, महाराष्ट्रात ती आली २०१४ मध्ये. दर्जा मोजायची पट्टी मात्र बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या कॉल सेंटरांत आधीच रुळलेली होती: ८० टक्के फोन २० सेकंदांत उचला, कॉल ठरल्या मिनिटांत संपवा, स्क्रिप्ट सोडू नका. रुग्णवाहिकेसाठी फोन लवकर उचलणं जिवाचंच काम आहे. पण गोळ्या कशा घ्यायच्या हे दुसऱ्यांदा विचारणाऱ्या आजींना एएचटीच्या, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या, मर्यादेत बसवणं सरळसरळ चूक आहे.

घरून काम २०२० च्या आधीही कॉल सेंटरांसाठीच्या दूरसंचार विभागाच्या नियमांत होतं, पण नावापुरतं. एक कोटी रुपयांची बँक हमी, एजंटच्या घराचा पत्ता आधी कळवलेला, ठरावीक जोडणी. एवढं करून कोण घरी पाठवणार? मार्च २०२० मध्ये अटी तात्पुरत्या सैल झाल्या, मुदती वाढत गेल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी नोंदणी व हमी दोन्ही कायमच्या गेल्या. जाच संपला, ते बरंच झालं. तरी या निर्णयाचं एवढं कौतुक मला पटत नाही. जुन्या नियमांचा जीव टोल बायपासमध्ये, म्हणजे परवानाधारक फोन कंपन्यांना वगळून वळवलेल्या कॉलमुळे बुडणाऱ्या महसुलात, अडकला होता. नव्यांनी ते ओझं हलकं केलं, पण पलीकडे रुग्ण आहे याची दखल दोन्हींत नाही.

परिणाम कॉल सेंटरच्या मजल्यावर दिसला. पुण्यात, नवी मुंबईत अमेरिकी आरोग्यविम्याचं काम करणाऱ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एका ग्राहक कंपनीचं काम पाहणाऱ्या विभागात, तिथल्या १९९६ च्या गोपनीयता कायद्यामुळे मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, अशी शिस्त असे. अडलं की हात वर करायचा, टीम लीडर येऊन कॉल ऐकायचा. दर्जा खरा तिथे सांभाळला जात होता. लॉकडाऊनमध्ये दोन खोल्यांच्या घरात हे सगळं सुटलं आणि त्याजागी वेबकॅम व स्क्रीन रेकॉर्डिंग आलं. एजंट खुर्चीत आहे की नाही, एवढं त्यातून कळतं. समोरच्याला सल्ला समजला का, हे कॉल ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ऑडिटला महिन्याकाठी एजंटमागे मोजकेच कॉल येतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा हेल्पलाइन क्रमांक सुरू झाला. तिथे लांबलेला कॉल हा दोष धरताच येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा रुग्णाच्या माहितीची जबाबदारी ती कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या संस्थेवर टाकतो, मग एजंट घरी बसलेला असो वा कार्यालयात. चुकीच्या किंवा घाईच्या सल्ल्याला मात्र तो लागू होत नाही. ते आजही बरंचसं कंत्राटातल्या दर्जाच्या अटींवर सोडलेलं आहे.